गव्याला दिलेलं आवतण

आमच्या शाळेला शहरातल्या प्राणिसंग्रहालयात जायला मिळालं तो दिवस नेमका खांदेमळणीचा निघाला, म्हणजे पोळ्याचा आदला दिवस. मला आधी रागच आला. तिथं लेकरांसाठी वर्षभर कार्यक्रम चालतात. प्राण्यांची माहिती सांगतात, शिंगं, खुर, पिसं हातात घेऊन बघू देतात, खेळ घेतात. खेड्यातल्या शाळांना सगळं फुकट, पण तारीख ते देतील ती. शहरात पोळा म्हणजे बाजारातून मातीची बैलजोडी आणायची, पाटावर मांडायची, झाला पोळा. इकडे त्या दिवशी घरोघर काय धांदल असते हे त्यांना कोण सांगणार? मी फोन करून तारीख बदलून मागितली. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, मग थेट दिवाळीनंतर बघावं लागेल." दिवाळीनंतर म्हणजे कधीच नाही, इतकी नोकरी माझी झालेली आहे. मी म्हटलं, येतो.

माझी शाळा तांड्यावरची. हिंगोलीकडच्या गोरेगावहून आत वळलं की आमचं गाव लागतं आणि गावाच्या शिवेला लागून तांडा. तिथल्या लेकरांचे पणजे-खापरपणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता सगळे शेती करतात, पण बैल अजून रक्तात आहे. वर्गात बसून, खिडकीबाहेर न बघता, नुसत्या घुंगराच्या आवाजावरून कुणाची जोडी चालली हे सांगणारी ही पोरं. त्यांना जनावरांची ओळख करून द्यायला पाच तास गाडीत घालून न्यायचं, याचं मला हसूही येत होतं. पण वाघ, माकड, मगर त्यांनी फक्त पुस्तकात पाहिलेले. आणि सहल म्हटल्यावर माझ्याच्यानं नाही म्हणवलं नसतं.

सोबतीला एक मोठं माणूस हवं होतं. शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. दुसऱ्या गुरुजींना त्याच आठवड्यात मतदारयादीचं काम लागलेलं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पोळ्याच्या तोंडावर घर सोडून जाऊ व्हय मी, वाघ बघाया?" मग मी आबांना विचारलं.

आबा म्हणजे माझे वडील. माझं लग्न गावातल्या गावात झालं, त्यामुळे माझ्या सासर-माहेरात एक मारुतीचं देऊळ आणि एक हापसा एवढंच अंतर. आबांकडे माझी रोजची फेरी. त्या वर्षभरात मात्र त्या फेरीची मला धास्ती वाटायला लागली होती. कारण गेलं की आबा गोठ्यात बसलेले असायचे, आणि गोठा रिकामा होता.

आदल्या वर्षी आमच्या भागात लम्पी आला. जनावरांच्या अंगावर गाठी उठायच्या, पाय सुजायचे, ताप चढायचा. सरकारी डॉक्टर तरी किती दारं करणार? सुई टोचायचे, गोळ्या द्यायचे आणि पुढच्या गोठ्याकडे पळायचे. आबांच्या लालकंधारी जोडीतला डावा बैल पोळ्याच्या आठवडाभर आधी आजारी पडला. तरी खांदेमळणीला आबांनी त्याच्या खांद्याला लोणी-हळद लावली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." आमच्याकडे बैलाला असं रीतसर निमंत्रण देतात. वर्षभर ज्याला 'हट' आणि 'चल' करायचं, त्याला त्या एका दिवशी 'घ्या' आणि 'या'. लहानपणी मला याची फार गंमत वाटायची. आबा आम्हाला कधी अहो-जाहो करत नसत, बैलाला मात्र करत.

दुसऱ्या दिवशी पोळ्याला लम्पीमुळे जनावरं एकत्र आणायला बंदी होती. ना तोरण, ना मिरवणूक. आबांनी दोन्ही बैल दारातच धुतले, शिंगं रंगवली. आईनं ओवाळलं. आबांनी पुरणपोळीचा घास आजारी बैलापुढे धरला. त्यानं हुंगला आणि तोंड बाजूला घेतलं. आबांनी पुन्हा धरला, त्यानं पुन्हा तोंड फिरवलं. तिसऱ्यांदाही तेच. आबांचा राग म्हणजे गवताचा जाळ, लगेच भडकणार आणि लगेच विझणार. ते ताट तिथंच ठेवून म्हणाले, "वरीसभर राबला आन आज दुश्मनी काढतो? न्हाई जेवायचं तर नको जेवू." आणि तरातरा शेताकडे निघून गेले. ते परत आले तेव्हा बैल खाली बसला होता. संध्याकाळच्या आत गेला.

शेताच्या बांधाला त्याला पुरलं. दुसरा बैल एकटा काय करणार? वारंगा फाट्याच्या बाजूला आमची मावशी असते, तिच्याकडे एक बैल जोडीवाचून होता, त्याच्याशी लावून दिला. शेतात ट्रॅक्टर येऊ लागला. आबा कामाला चुकले नाहीत, जेवले, झोपले, सगळं केलं. पण आईला एकदा म्हणाले, "पाहुना रुसून गेला. आवतन घेतलं आन आपल्या दारात जेवला न्हाई." आता या घरात पोळा करायचा नाही, असंही म्हणाले. आईनं मला सांगितलं आणि आम्ही दोघी रडलो. त्यांच्यापुढे हा विषय काढायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणून त्यांना म्हटलं, "आबा, चला की सहलीला. लेकरं सांभाळाया माणूस पायजे." त्यांनी पोळ्याच्या आदल्या दिवशी गावाबाहेर राहायला मिळतंय म्हणूनच होकार दिला असणार. पहाटे गाडीत चढले तेव्हा त्यांच्या बोटांची टोकं पिवळी दिसली. घरात बैल नाही, मग हळद कशाला लागली? मी विचारलं नाही. नंतर आईकडून कळलं, भिंतीला टांगलेलं जू उतरवून त्याला लोणी-हळद लावून ते निघाले होते.

रस्ताभर पोरांनी डोकं उठवलं. हिंगोली येईपर्यंत गाणी, औंढ्याला गाडीतूनच नागनाथाला हात जोडले, आणि पुढे निम्मी झोपली तर निम्मी ओकली. आबा सगळ्यांना लिंबू हुंगायला देत पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर फिरत होते.

प्राणिसंग्रहालयाच्या दारात कार्यक्रमवाली ताई उभी होती. फोनवरच्या गोड आवाजाची तीच. माझ्या मनात तिच्याविषयी थोडी अढी होती, ती तिनं घटकाभरात घालवली. पोरगी हुशार होती आणि पोरांशी बोलताना उगीच बोबडं बोलत नव्हती. तिनं माकडाचा पंजा आणि आपला हात यात फरक कुठे ते दाखवलं. मगरीचा दात हातात दिला. वाघ दिवसातला बराच वेळ झोपतो असं सांगितल्यावर तांड्यातलं एक पोरगं म्हणालं, "मंग तर आमचा काका वाघच हाय." सगळे खिदळले, ताईसुद्धा.

मग आम्ही हरणं, सांबर, गवा असतात त्या भागाकडे निघालो. तिथं वाटेत औषधाचं पाणी भरलेला उथळ हौद होता, त्यातून चालत जायचं. पोरांना वाटलं खेळच आहे. ताईनं सगळ्यांना थांबवलं आणि हे पाणी कशाला ते समजावून सांगितलं. तुम्ही गावाकडून येता, तुमच्या घरी गाई-बैल आहेत. त्यांचे आजार तुमच्या पायाला लागून इथं येऊ शकतात.

"लम्पी?" एका पोरीनं विचारलं.

"हो, लम्पीसुद्धा. तुम्ही पाहिलाय?"

पाहिलाय म्हणजे काय! सगळे एकदम बोलायला लागले. कुणाची गाय, कुणाचं वासरू, कुणाच्या मामाचा गोऱ्हा. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अंगावरच्या गाठी आपल्याला दिसतात. पण काही जनावरांना तोंडात आणि घशातही फोड येतात, ते दिसत नाहीत. त्या जनावराला भूक असते बरं का. पण गिळताना फार दुखतं. आपण चारा पुढे केला की ते तोंड फिरवतं. आपल्याला वाटतं, त्याला नकोय. नको नसतं, जमत नसतं."

मी मागे पाहिलं. आबा रांगेच्या शेवटी एका लहान्याचा हात धरून उभे होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. पोरं पाण्यातून छपछप करत पलीकडे गेली. आबा गेले आणि मग परत मागे फिरून दुसऱ्यांदा त्या पाण्यातून आले. "पाय नीट भिजले न्हाईत," एवढंच म्हणाले.

हे मला ठाऊक नव्हतं का? खरं सांगायचं तर नव्हतं. गाठी, ताप, माश्या, लस एवढं पेपरात वाचलेलं. बैलाचं तोंड उघडून आत बघावं असं आमच्या घरात कुणाच्याच मनात आलं नाही. बैल जेवला नाही तर तो रुसला, हेच आमच्या सगळ्यांना सरळ वाटलं. कारण आदल्या दिवशी आपण त्याला माणसासारखं बोलावलेलं असतं. बोलावलेला माणूस जेवत नाही तेव्हा तो रुसलेलाच असतो.

गवा कुंपणापासून बराच आत, सावलीला उभा होता. म्हातारा होता, पण काय जनावर! काळंभोर अंग, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, आणि खांदा तर असा की पोरांचा गलका एकदम बंद झाला.

"काय खांदा हाय!" एक पोरगं हळूच म्हणालं.

"याच्या खांद्यावर कधीच जू आलेलं नाही," ताई म्हणाली. "गवा माणसानं कधी कामाला लावला नाही. तो जंगलाचा."

"कधीच न्हाई?" हे आबांनी विचारलं. आल्यापासून ते ताईशी पहिल्यांदा बोलले.

"कधीच नाही, आजोबा."

तेवढ्यात ती मघाचीच पोरगी म्हणाली, "ताई, आज खांदेमळन हाय." ताईला खांदेमळण माहीत नव्हती. तिनं विचारलं आणि मग पोरांना कोण आवरणार! लोणी कसं लावायचं, कुठे लावायचं, सगळं एकमेकांच्या तोंडातून ओढून सांगितलं. "आन मंग कानात आवतन द्यायचं. आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. उद्या त्यो जेवल्याबिगर घरात कोनी जेवत न्हाई."

ताईचा चेहरा उजळला. म्हणाली, "मग द्या की याला आवतण. पण ओरडायचं नाही, हळू."

सगळी लेकरं कुंपणाशी उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." गव्यानं एक कान हलवला. पोरं खूश झाली. मी मोबाईलवर फोटो काढत होते, केंद्रप्रमुखांना पाठवावे लागतात. फोटोच्या चौकटीत एकदम आबा आले. त्यांनी टोपी काढून काखेत धरली होती. पिवळ्या बोटांनी कुंपणाचा गज धरला आणि म्हणाले, "आज आवतण घ्या." थोडं थांबले. "उद्या जेवाया या."

मी फोटो काढायचं विसरले. वर्षभरात ते शब्द त्यांच्या तोंडून आले नव्हते. मला वाटलं, सुटलं. काहीतरी एकदाचं सुटलं.

"आबा, गवा आपल्या गोठ्यात मावन का?" एका पोरानं विचारलं.

"मावन की. जागा रिकामीच हाय," आबा म्हणाले. पोरं हसली, आबाही हसले.

मग त्यांनी पिशवीतून आपली भाकरी काढली. ताईला म्हणाले, "ताई, उद्या येवढ्या लांब याया जमनार न्हाई. आजच एक घास देऊ का त्याला? तुमीच द्या पायजे तर, मी आत जात न्हाई."

ताई अवघडली. बाहेरचं काहीच देता येत नाही, असं म्हणाली. मग काळजीनंच विचारलं, "आजोबा, तुमच्या घरी आला होता का लम्पी?"

"व्हता," आबा म्हणाले.

ताईनं पुढे काही म्हणायच्या आत आबांनी भाकरी फडक्यात बांधली आणि कुंपणापासून मागे सरकले. चांगले लांब गेले. पोरांनाही म्हणाले, "मागं सरा रे. मागं सरा सगळे." मला त्या ताईचा राग आला नाही, तिचं बरोबरच होतं. पण आपल्या हातचा घास कुणाच्या तरी जिवावर उठू शकतो, हे त्या माणसाला त्याच दिवशी, त्याच ठिकाणी ऐकावं लागलं याचं मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

ताईलाही ते कळलं असावं. निघताना ती आबांजवळ आली. "आमच्या डॉक्टरांना विचारून उद्या त्याच्या खुराकात गूळ घालते, आजोबा. तुमच्या घरचं जेवण समजा. मॅडमना फोटो पाठवते."

"इसरू नका," आबा म्हणाले. "आवतन दिलंय."

परतताना दिवेलागणीला औंढ्यात चहाला थांबलो. पोरं गाडीत पेंगत होती. टपरीसमोरच्या बाकावर आबा माझ्या शेजारी बसले. कपात बघत म्हणाले, "ताई काय म्हनली गं, तोंडात फोड येतेत?"

"व्हय."

"घशात बी?"

"घशात बी येतेत म्हणे."

"मंग भूक तर लागत आसंल त्याला."

"लागते," मी म्हणाले. आबांनी चहा तसाच बाकावर ठेवला आणि गाडीत जाऊन बसले.

सकाळी मी माहेरी गेले तर आबा गोठा झाडत होते. गव्हाण धुतलेली, खाली बारीक मुरूम पसरलेला. आई चुलीपुढे गोंधळलेली बसली होती. मला बघून म्हणाली, "तुझा बाप म्हनतो पुरन शिजू घाल, आवतन दिलंय. कोनाला म्हनलं तर म्हने गव्याला. आता गवा येनार व्हय आपल्या दारी?"

"त्यो कशाला येतो?" आबा गोठ्यातूनच म्हणाले. "त्यो तिकडं जेवनार. पर त्यो जेवल्याबिगर हितं कोनी जेवायचं न्हाई."

"यड लागलं म्हाताऱ्याला," आई पुटपुटली, पण तोवर तिनं डाळ धुवायला घेतली होती. तिचा हात असा भरभर चालत होता की मला हसू आलं. वर्षभर त्या घरात सणाचा वास नव्हता. पुरणाला चटका देताना आई गुणगुणतसुद्धा होती. आणि मी? माझी छाती फुगली होती. एवढ्या मोठ्या दुःखावर मी एका सहलीत इलाज केला, असं वाटत होतं मला. शिक्षकांना ही खोड असते. धडा झाला की तो समजला, असं आम्ही धरून चालतो.

दुपार झाली तरी फोटो येईना. बाहेर वाजंत्री सुरू झाली. तोरणाखाली बैल कमी आणि ट्रॅक्टर जास्त, त्यांनाच फुगे आणि झिरमिळ्या लावलेल्या. आबा उंबऱ्यात बसून होते. आईनं तीनदा विचारलं, "आला का गं?" मी तीनदा मान हलवली. पोटात कावळे ओरडत होते, पण जेवायचं नाव काढायची सोय नव्हती. ताई विसरली असेल, तिला काय, तिच्याकडे रोज नवी शाळा, असं मनातल्या मनात तिला बोलून घेतलं.

ऊन कललं आणि फोटो आला. गव्याचं तोंड टोपल्यात, नाकपुडीला गुळाचा चिकट ओघळ, जीभ बाहेर. खाली ताईनं लिहिलं होतं, 'पाहुणा जेवला.' मी ओरडलेच. आई पदराला हात पुसत धावत आली. मी लगेच तो फोटो तांड्यावरच्या पालकांच्या गटावर टाकला.

आबांनी मोबाईल हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा करून बघितला. फार वेळ बघितला. ते गव्याचं तोंडच बघत होते.

"जेवला," ते म्हणाले. मग म्हणाले, "ताईला फोन लाव."

मी लावला. मागे पोरांचा कालवा ऐकू येत होता, तिथं कुठली तरी दुसरी शाळा आलेली असणार. आबांनी विचारलं, "ताई, पाहुना पोटभर जेवला ना?"

"हो आजोबा, टोपलं चाटून पुसून."

"गिळताना तकलीफ न्हाई ना झाली?"

"नाही हो. का?"

आबा थांबले. फोन कानाला तसाच होता. त्यांना आणखी काहीतरी विचारायचं होतं. काय ते मला कळत होतं, आपला बैल भुकेलाच गेला का, हे औंढ्यापासून त्यांच्या ओठावर होतं. माझी फार इच्छा होती की त्यांनी विचारावं. तिला माहीत असतं, तिनं सांगितलं असतं.

"न्हाई, उगी इचारलं," ते म्हणाले. "लई उपकार झाले." आणि फोन माझ्याकडे दिला.

आईनं पाट मांडायला घेतले. आबा तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "एक पोळी दे. आन दूध दे थोडं, कोमट." आईनं वाटीत दिलं. आबा खाली बसले. पोळीचे बारीक तुकडे करून दुधात टाकले आणि कुस्करायला लागले. आम्ही लहानपणी आजारी पडायचो तेव्हा आई असंच कुस्करून द्यायची. आबांनी ते काम कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. अंगठ्यानं एकेक गाठ मोडत होते. वाटी कलती करून बघत, पुन्हा थोडं दूध घालत. शेवटी ते इतकं पातळ झालं की त्यात पोळी आहे हे सांगावं लागलं असतं.

ते वाटी घेऊन गोठ्यात गेले. मी मागे गेले. डाव्या बैलाची जागा होती तिथं, धुतलेल्या गव्हाणीत, त्यांनी वाटी ठेवली. आणि तिथंच उकिडवे बसले.

"त्याला भूक व्हती गं," माझ्याकडे न बघता म्हणाले. "मला वाटलं रुसला. भुकेला व्हता त्यो. आन मी त्याला बोललो. नको जेवू म्हनलो. त्यानं ते ऐकलं आसंल का?"

मी त्यांच्या शेजारी बसले. आदल्या दिवशी मला वाटलं होतं, गव्याला आवतण देऊन त्यांचं सुटलं. सुटलं काहीच नव्हतं. गवा जेवला तो गवा जेवला. वर्षभर ते एका रुसलेल्या पाहुण्याचं दुःख करत होते, आणि रुसव्याला निदान पाहुण्याचाही थोडा दोष असतो. आता तोही आधार गेला. त्यांच्या दारात एक भुकेला जीव तोंड फिरवून उभा होता आणि त्याला सांगता येत नव्हतं, हे त्यांना आता कळलं होतं. प्राण्यांची माहिती आम्ही लेकरांना द्यायला नेली होती. ती जाऊन पोचली होती आबांपाशी.

मला रडू आलं आणि मी रडले. आबा रडले नाहीत. ते वाटीकडे बघत होते. बाहेर वाजंत्री घरोघरी फिरत आमच्या गल्लीपर्यंत आली, दाराशी क्षणभर रेंगाळली आणि आतला रिकामा गोठा माहीत असल्यानं पुढे निघून गेली.

आई दारात येऊन उभी राहिली. तिनं गव्हाणीतली वाटी बघितली आणि सगळं समजली. हळूच म्हणाली, "चला आता. पाहुना जेवला ना तिकडं? पानं वाढली मी."

आबांनी हात वर केला.

"थांब थोडी," ते म्हणाले. "याला गिळाया येळ लागते."

आई परत गेली, वाढलेल्या पानांवर तिनं परात झाकली आणि चुलीपाशी बसून राहिली. आम्ही थांबलो.